फुटलेल्या बिडाची सांधणी : जर्मन जहाजांच्या यंत्रांची १९१७ मधील दुरुस्ती

यंत्रविद्येच्या इतिहासात नव्या शोधाला जे मानाचे स्थान मिळते, ते दुरुस्तीला सहसा मिळत नाही. शोधाला जनक असतो, तिथी असते आणि बहुधा एकस्वाचा क्रमांकही असतो. दुरुस्ती मात्र कारखान्याच्या एका कोपऱ्यात घडते आणि यंत्र पुन्हा चालू लागताच विसरली जाते. तथापि एखाद्या काळातील कारागिरांना आपल्या धातूचे ज्ञान कितपत होते, हे जाणण्यास मोडलेल्या भागाइतके चांगले साधन दुसरे नाही. यंत्र कोठे मोडले, ते पुन्हा सांधता येईल की नाही याविषयी त्या काळच्या जाणत्यांचे मत काय होते, आणि अखेरीस ते कसे सांधले गेले, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत त्या काळच्या विद्येची मर्यादा व तिची शक्ती या दोन्ही प्रकट होतात. १९१७ मध्ये अमेरिकेच्या बंदरांत जर्मन जहाजांच्या यंत्रांची जी दुरुस्ती झाली, तिचा विचार या दृष्टीने करणे उद्‌बोधक ठरेल.

बिडाचा स्वभाव

एकोणिसाव्या शतकातील अवजड यंत्रसामग्री मुख्यतः बिडाची होती. वाफेच्या यंत्राचा सिलिंडर, त्याची झडपपेटी, यंत्राचा पाया, गतिचक्र, पंपाचे कवच हे सर्व भाग साच्यात ओतून तयार होत. बीड स्वस्त असते. ते सुमारे १,२०० अंश सेल्सिअस तपमानापाशी पूर्णपणे वितळून पाण्यासारखे वाहते, यामुळे वाकडेतिकडे व आतून पोकळ असे भागही त्याचे ओतता येतात. दाब सहन करण्याची त्याची शक्ती मोठी असते. परंतु ताणापुढे ते दुबळे ठरते; दाब सहन करण्याच्या शक्तीच्या मानाने ताण सहन करण्याची त्याची शक्ती तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढीच भरते.

या दुबळेपणाचे कारण त्याच्या घटनेत आहे. बिडात कार्बनाचे प्रमाण शेकडा अडीच ते चार असते, आणि करड्या बिडात त्यातील बराचसा कार्बन ग्रॅफाइटाच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपाने विखुरलेला असतो. प्रत्येक पापुद्रा म्हणजे धातूच्या अंगात आधीपासूनच असलेली एक सूक्ष्म चीर होय. घडीव लोखंड किंवा सौम्य पोलाद आघाताने वाकते, लांबते आणि मोडण्यापूर्वी एक प्रकारे सूचना देते. बीड तशी कोणतीही सूचना न देता एकाएकी फुटते. फुटलेले तुकडे एकमेकांशी तंतोतंत जुळतात, कारण त्यांचा आकार बदललेलाच नसतो. परंतु जुळणे निराळे आणि जोडले जाणे निराळे. बिडाच्या दुरुस्तीची सारी अडचण या दोहोंतील अंतरात साठलेली आहे.

जुन्या कारागिरीच्या पद्धती

वितळजोडकामाची विद्या येण्यापूर्वी कारागीर अगदीच निरुपाय होते असे नव्हे. तडा गेलेल्या भागावर घडीव लोखंडाचे ठिगळ बोल्टांनी आवळून बसविणे, ही सर्वांत रूढ रीत होती. गतिचक्राच्या तुंब्यासारख्या गोल भागाला तडा गेला तर लोखंडी कडे तापवून त्यावर चढवीत. निवताना ते आकसे आणि तड्याच्या दोन्ही कडा एकमेकींवर दाबून धरी. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव चढवितो, तेच हे तत्त्व होय. वाफ किंवा पाणी झिरपू नये म्हणून लोखंडाचा कीस, नवसागर आणि गंधक यांचे मिश्रण ओले करून भेगेत ठासून भरीत. गंजताना ते फुगे व भेग बुजून जाई. लहान भागांसाठी ओतशाळेत आणखी एक उपाय योजीत. मोडलेल्या कडेभोवती साचा बांधून तिच्यावरून वितळलेले बीड वाहते ठेवीत, आणि कडेचा पृष्ठभाग वितळला असे दिसताच बाहेर जाण्याची वाट बंद करून ते तेथेच निवू देत.

या सर्व उपायांना मर्यादा होत्या. ठिगळाने बळ मिळे, परंतु आतून गुळगुळीत असलाच पाहिजे अशा सिलिंडरात त्याचा उपयोग बेताचाच होई. वाहत्या बिडाची पद्धत हाताने उचलता येतील अशाच भागांना लागू पडे. त्यामुळे मोठ्या यंत्राचा सिलिंडर फुटला म्हणजे तो टाकून देऊन नवा ओतावा, हाच व्यवहारातील नियम होता. नवा सिलिंडर ओतावयाचा म्हणजे प्रथम लाकडी फर्मा हवा. निवताना बीड शेकडा सुमारे एक या प्रमाणात आकसते, तेवढी वाढ धरून फर्मा करावयाचा, त्यावरून साचा करावयाचा, ओतलेला भाग कित्येक दिवस सावकाश निवू द्यावयाचा, आणि नंतर तो मोठ्या यंत्रावर आतून कातून काढावयाचा. या प्रत्येक पायरीला वेळ लागे; एखादी पायरी चुकली तर सारे काम आरंभापासून करावे लागे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नव्या साधनांची भर पडत गेली. रशियात बेनार्दोस याने १८८० नंतरच्या दशकात कार्बनाच्या कांडीने विद्युत् प्रज्योत निर्माण करून धातू जोडण्याची रीत काढली. स्लाव्यानोव्ह याने १८८८ मध्ये कार्बनाऐवजी धातूचीच कांडी वापरली, म्हणजे जोड देणारी कांडी स्वतःच वितळून जोडात उतरू लागली. १९०३ च्या सुमारास फ्रान्समध्ये ऑक्सिजन व अ‍ॅसिटिलीन वायूंची ज्योत प्रचारात आली. ही साधने पोलादाच्या व घडीव लोखंडाच्या कामात लवकर रुळली. आगगाड्यांच्या कारखान्यांत त्यांचा वापर होऊ लागला. अवजड बिडाच्या बाबतीत मात्र अविश्वास कायम राहिला आणि तो निराधार नव्हता, हे पुढे दिसून येईल.

विध्वंसाची योजना

ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश आरमाराच्या भीतीने अनेक जर्मन जहाजे अमेरिकेच्या तटस्थ बंदरांत आश्रयाला राहिली. न्यू यॉर्कसमोरील होबोकेन येथील धक्क्यांवर, बॉस्टनमध्ये, बाल्टिमोरमध्ये आणि इतरत्र ती अडीच वर्षे बांधून पडली होती. ‘कैसर विल्हेल्म दुसरा’ हे स्टेटिन येथील व्हुल्कान कारखान्यात बांधलेले, ४०,००० हून अधिक अश्वशक्तीच्या यंत्रांचे शीघ्रगामी जहाज त्यांत होते. त्याच कारखान्याचे ‘क्रोनप्रिंत्सेसिन सेसिली’ होते. ‘ग्रोसर कुरफ्युर्स्ट’, ‘फ्रीडरिख डर ग्रोसे’, ‘बार्बारोसा’ अशी उतारूंची मोठी जहाजे होती.

३१ जानेवारी १९१७ रोजी जर्मनीने अनिर्बंध पाणबुडी-युद्धाची घोषणा केली. ३ फेब्रुवारीस अमेरिकेने जर्मनीशी राजनैतिक संबंध तोडले आणि ६ एप्रिलला युद्ध पुकारले. दरम्यानच्या काळात, विशेषतः जानेवारी-फेब्रुवारीच्या संधीला, जहाजांवरील जर्मन कर्मचाऱ्यांनी आपलीच यंत्रे मोडून ठेवली. चार्ल्सटन बंदरात ‘लीबेनफेल्स’ हे जहाज त्याच्या खलाशांनी बुडविले. इतर ठिकाणी याहून शांतपणे काम झाले. सिलिंडरांच्या भिंती, झडपपेट्या, नळांना जोडणाऱ्या बिडाच्या कडा, पंपांची कवचे यांवर जड लोखंडी ओंडक्यांचे आघात करून ते भाग फोडण्यात आले. काही बाष्पकांत पाणी नसता आग पेटवून त्यांच्या नळ्या निकामी केल्या गेल्या. याखेरीज नळ आतून बुजविणे यांसारखी वरवर न दिसणारी इजाही पुष्कळ होती.

हा विध्वंस संतापाच्या भरातील तोडफोड नव्हती. तो करणारे लोक याच यंत्रांचे चालक व अभियंते होते. धातूंचे स्वभाव त्यांना ठाऊक होते. म्हणून घडीव पोलादाचे दंड व आस यांपेक्षा बिडाच्या ओतीव भागांवर त्यांनी मुख्यतः घाव घातले. हे भाग सहज फुटतात, सहज ओतता येत नाहीत, आणि जर्मनीत बांधलेल्या यंत्रांचे फर्मे जर्मनीतच होते, हा हिशेब त्यामागे होता. एका जहाजावर नुकसानीची एक यादीच अमेरिकनांच्या हाती लागली. तीत मोडलेले भाग क्रमाने नोंदवून काहींपुढे ते दुरुस्त होण्यासारखे नाहीत, असा शेरा मारलेला होता. हा शेरा म्हणजे इतिहासाच्या दृष्टीने एक अमोल पुरावा होय. कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा स्पष्टपणे तो सांगतो की, १९१७ च्या प्रारंभी एका जाणत्या सागरी अभियंत्याच्या मते बिडाचा मोठा भाग फुटला म्हणजे तो कायमचा गेला.

मतभेद आणि निर्णय

जहाजे प्रथम अमेरिकेच्या शिपिंग बोर्डाच्या ताब्यात आली. बोर्डाच्या तज्ज्ञांचे मत तोडणाऱ्यांच्या मतापेक्षा फारसे निराळे नव्हते. फुटलेले सिलिंडर काढून नवे ओतून बसवावेत, यास वर्षाहून अधिक काळ लागेल, असा त्यांचा अंदाज होता. मित्रराष्ट्रे मात्र अमेरिकन सैन्याची वाट पाहत होती, आणि सैन्य नेण्यास जहाजे नव्हती. यामुळे यंत्रशाळेतील एका तांत्रिक मताला युद्धनीतीच्या प्रश्नाचे महत्त्व प्राप्त झाले.

नौदलाच्या बाष्पयंत्र विभागाचे प्रमुख रिअर अ‍ॅडमिरल रॉबर्ट ग्रिफिन आणि ब्रुकलिन येथील नौदल-गोदीतील अभियांत्रिकी अधिकारी कॅप्टन ई. पी. जेसप यांनी निराळा पक्ष स्वीकारला. सिलिंडर जागचे न हलविता विद्युत् प्रज्योतीने सांधावेत, आणि जेथे शक्य असेल तेथे ठिगळाची जुनी रीतही वापरावी, असा त्यांचा आग्रह होता. या पद्धतीची साधने खाजगी कंपन्यांकडे तयार होती आणि आगगाड्यांच्या कारखान्यांतील अनुभवही उपलब्ध होता. नव्हता तो एवढ्या मोठ्या भागांवरील अनुभव. ज्या सिलिंडराचा व्यास दोन मीटरांहून अधिक, ज्याच्या भिंतीला वाफेचा दाब आणि उष्णतेचे चढउतार क्षणोक्षणी सोसावयाचे, त्याला सांधा देऊन हजारो सैनिकांसह भर समुद्रात न्यावयाचे, हे साहस होते यात शंका नाही. तो सांधा वाटेत उकलता तर गती हरवलेले जहाज पाणबुडीचे सहज भक्ष्य झाले असते. म्हणून नवे सिलिंडर मागणाऱ्या तज्ज्ञांना केवळ जुन्या वळणाचे म्हणून दोष देणे न्याय्य होणार नाही. त्यांची शंका धातूच्या खऱ्या गुणधर्मावर आधारलेली होती.

सांधणीची रीत

तो गुणधर्म असा. पोलादाची कांडी बिडावर वितळविली तर जोडाच्या सीमेवर बिडातील कार्बन पोलादात मिसळतो. भोवतालचा थंड धातूचा प्रचंड साठा ती उष्णता झपाट्याने शोषून घेतो, आणि इतक्या शीघ्र निवण्यात कार्बनाला ग्रॅफाइटाच्या रूपाने वेगळे होण्यास अवधी मिळत नाही. तो लोहाशी संयोग पावून सिमेंटाइट नावाचे अत्यंत कठीण व काचेसारखे ठिसूळ संयुग बनवितो. म्हणजे सांध्याच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या बिडाची एक पातळ, ठिसूळ पट्टी तयार होते. याच वेळी वितळलेले पोलाद निवताना आकसू लागते. त्याचे आकुंचन बिडाच्या जवळजवळ दुप्पट असते. तो ताण नेमका त्या ठिसूळ पट्टीवर येतो आणि जोड सालीसारखा सुटून येतो. संपूर्ण भाग आधी लालभडक तापवून, जोडून, मग कित्येक तास सावकाश निवू दिल्यास हा दोष टळतो. परंतु जहाजाच्या पोटात यंत्राला जखडलेल्या टनावारी वजनाच्या सिलिंडराला भट्टीत घालणे अशक्यच होते.

गोदीतील कारागिरांनी या अडचणीतून काढलेला मार्ग समजण्यास सोपा आहे. प्रथम फुटलेल्या कडा छिनून उतरत्या केल्या जात, म्हणजे दोन कडांमध्ये वर रुंद व तळाशी अरुंद अशी खाच तयार होई. या उतरत्या पृष्ठभागावर ठरावीक अंतरांवर भोके पाडून त्यांत आटे कापीत आणि पोलादाच्या आटेदार खुंट्या पिळून बसवीत. खुंट्यांची डोकी खाचेत किंचित वर राहत. जेथे तुकडा हरवला असे वा त्याचा चुरा झाला असे, तेथे त्या मोकळ्या जागेच्या मापाचा ओतीव पोलादाचा तुकडा करून घेत. मग बेताचा व स्थिर विद्युत्प्रवाह वापरून, प्रज्योत आखूड ठेवून, खुंट्यांच्या डोक्यांभोवती पोलादाचे थर चढवीत. एका जागी फार वेळ काम न करता थोडे येथे, थोडे तेथे असे जोडीत, म्हणजे उष्णता एका ठिकाणी साठत नसे.

या रीतीचे मर्म खुंट्यांत आहे. खुंटीचे डोके व चढविलेला थर हे दोन्ही पोलादाचेच असल्यामुळे त्यांचा जोड निर्दोष होतो. आणि खुंटीची बिडावरील पकड वितळण्यावर नव्हे, आट्यांवर अवलंबून असते. त्यामुळे सांध्यावर येणारा ताण ठिसूळ पट्टी ओलांडून आट्यांच्या द्वारे थेट निरोगी बिडात उतरतो. ठिसूळ पट्टी नाहीशी होत नाही. तिच्यावर भार टाकण्याचे तेवढे टाळले जाते, आणि तिच्याकडे केवळ वाफ अडविण्याचे काम उरते. ही सांधणी म्हणजे जुन्या ठिगळाचा आणि नव्या प्रज्योतीचा संयोग होता. जी कारागिरी कालबाह्य झाली असे वाटत होते, तिच्याच आधाराने नवी विद्या बिडात शिरू शकली.

सांधा पूर्ण झाल्यावर सिलिंडराच्या आतला भाग जागच्या जागीच फिरत्या कातणीदंडाने कातून पुन्हा गोल व गुळगुळीत करीत, आणि पाण्याच्या दाबाखाली त्याची परीक्षा घेत. या कामाइतकेच कष्ट लपलेली इजा शोधण्यात पडले. प्रत्येक नळ, झडप, धारवा आणि पंप उघडून पाहिल्यावाचून यंत्र चालू करणे धोक्याचे होते. म्हणून जहाजे नाळेपासून वरामापर्यंत तपासून काढावी लागली.

कसोटी

१९१७ च्या उन्हाळ्यात नौदलाने काम हाती घेतले आणि त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत ही जहाजे नव्या नावांनी समुद्रावर गेली. ‘कैसर विल्हेल्म दुसरा’ हे ‘अ‍ॅगमेम्नॉन’ झाले, ‘क्रोनप्रिंत्सेसिन सेसिली’ हे ‘माउंट व्हर्नन’, ‘ग्रोसर कुरफ्युर्स्ट’ हे ‘ईओलस’, ‘फ्रीडरिख डर ग्रोसे’ हे ‘ह्यूरॉन’, तर ‘बार्बारोसा’ हे ‘मर्क्युरी’. ‘फाटरलांट’ हे सर्वांत मोठे जहाज ‘लेव्हायथन’ या नावाने डिसेंबरात निघाले. मात्र त्याची यंत्रे टर्बाइनची असल्याने त्याच्या दुरुस्तीचे स्वरूप निराळे होते. युद्ध संपेपर्यंत पकडलेल्या जर्मन जहाजांनी ५ लाखांहून अधिक सैनिक युरोपात पोहोचविले. ‘प्रेसिडेंट लिंकन’ व ‘कॉव्हिंग्टन’ ही त्यांतील दोन जहाजे १९१८ मध्ये पाणबुड्यांनी बुडविली. ती बुडाली टॉर्पेडोने, यंत्राच्या दोषाने नव्हे.

५ सप्टेंबर १९१८ रोजी ‘माउंट व्हर्नन’ ब्रेस्त बंदरातून परतीच्या वाटेवर असता त्यावर पाणबुडीने टॉर्पेडो सोडला. जहाजाचा मध्यभाग पाण्याने भरला, निम्मे बाष्पक बंद पडले आणि ३६ माणसे प्राणास मुकली. तथापि उरलेल्या बाष्पकांच्या वाफेवर यंत्रे चालत राहिली व जहाज स्वतःच्याच बळावर ब्रेस्तला परतले. दीड वर्षापूर्वी जी जहाजे दीर्घकाळपर्यंत निकामी झाली असे त्यांच्याच कर्मचाऱ्यांनी मानले होते, त्यांपैकी एकाने दिलेली ही परीक्षा होती.

परिणाम

या दुरुस्तीचे दूरगामी फळ संस्थात्मक स्वरूपाचे होते. युद्धकाळात जहाजबांधणीसाठी स्थापन झालेल्या इमर्जन्सी फ्लीट कॉर्पोरेशनने वितळजोडकामाची एक समिती नेमली होती. तिच्या कार्यातूनच मार्च १९१९ मध्ये अमेरिकन वेल्डिंग सोसायटीची स्थापना झाली आणि हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक कम्फर्ट अ‍ॅडम्स तिचे पहिले अध्यक्ष झाले. तोपर्यंत वितळजोडकाम हे मोडलेल्या वस्तूंवरील तात्पुरता इलाज मानले जाई. यापुढे ते रचनेचे अंग म्हणून अभ्यासिले जाऊ लागले. १९२० मध्ये इंग्लंडातील बर्कनहेड येथे ‘फुलगार’ हे रिव्हेटांवाचून सांधलेले सागरगामी जहाज पाण्यात उतरले. रिव्हेटांचे युग सरण्यास पुढे बराच काळ लागला, परंतु दिशा ठरली होती.

खुद्द बिडाच्या दुरुस्तीने मात्र दोन वाटा धरल्या. पहिली वाट निकेलच्या कांड्यांची. निकेल कार्बनाशी स्थिर व कठीण संयुग बनवीत नाही, त्यामुळे जोड मऊ राहतो व कातता येतो. खुंट्यांनी जो प्रश्न टाळला होता तो येथे रसायनाने बराचसा सौम्य झाला. दुसरी वाट उष्णतेचा संपूर्ण त्याग करणारी आहे. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील तेलक्षेत्रांत, जेथे ठिणगी पडणेही धोक्याचे असे, तड्याच्या आडवी भोके पाडून त्यांत निकेलयुक्त धातूच्या कड्या ठोकून बसविण्याची व तड्याच्या रेषेवर एकमेकांत गुंतलेल्या आटेदार खुंट्यांची ओळ भरण्याची रीत प्रचारात आली. ही ‘थंड शिवण’ बिडाला तापवीत नाही, म्हणून त्याला नवा ताणही देत नाही. संग्रहालयांतील व हौशी संस्थांनी जतन केलेल्या जुन्या बाष्पयंत्रांच्या दुरुस्तीत आज तिला महत्त्वाचे स्थान आहे, कारण तेथे मूळ ओतीव भाग राखणे हेच दुरुस्तीचे प्रयोजन असते.

उपसंहार

१९१७ च्या या प्रकरणाचे वर्णन बहुधा विद्युत् वितळजोडकामाचा विजय असे केले जाते. ते अर्धेच खरे आहे. प्रज्योतीचा शोध तीस वर्षे जुना होता. आटेदार खुंटी तर त्याहूनही कितीतरी जुनी. नवे होते ते दोहोंना एकत्र आणणारे धातूच्या दोषाचे यथार्थ ज्ञान. जर्मन अभियंते, शिपिंग बोर्डाचे तज्ज्ञ आणि गोदीतील कारागीर या तिघांनाही बीड ठिसूळ आहे हे सारखेच ठाऊक होते. पहिल्यांनी त्या ज्ञानाचा उपयोग कोठे घाव घालावा हे ठरविण्यासाठी केला, दुसऱ्यांनी दुरुस्ती का होणार नाही हे सांगण्यासाठी केला. आणि तिसऱ्यांनी ठिसूळपणा कोठे येतो हे नीट पाहून भार तेथून दुसरीकडे वळविला. यादीतील ‘दुरुस्त होण्यासारखे नाही’ या अर्थाचा शेरा लिहिला गेला त्या दिवशी प्रचलित विद्येला धरूनच होता. वर्ष संपण्यापूर्वी तो खोटा ठरला, कारण यंत्राचे आयुष्य धातूच्या गुणांइतकेच ते सांधणाऱ्याच्या समजेवरही अवलंबून असते.